चव्वेचाळीस मिनिटांचं अंतर

विमानतळावर त्याला समोर काटेसाहेब म्हणत आणि पाठीमागे नुसतंच काटा. त्याचं आडनाव काही तसं नव्हतं. पण इथून उडणारं विमान एकोणीस सीटांचं, दोन पंख्यांचं. एवढ्याशा विमानात कोण किती वजनाचं आहे आणि कुठे बसलंय याला फार महत्त्व असतं. म्हणून प्रत्येक प्रवाशाला बॅगेसकट वजनकाट्यावर उभं करायचं, आकडा लिहायचा, आणि शेवटी सगळ्यांचा मिळून वजनाचा तक्ता करून कॅप्टनची सही घ्यायची, हे त्याचं काम. लोक काट्यावर चढताना पोट आत घेत, जणू त्यानं किलो कमी होतात. बायका आपली पर्स नवऱ्याच्या हातात देत. मग तो नवरा त्या पर्ससकट काट्यावर चढे आणि गोळाबेरीज तीच राही. आकडा तो कधी मोठ्यानं वाचत नसे. त्याबद्दल लोक त्याला मनातल्या मनात दुवा देत असावेत.

बावीस वर्षांत त्या तक्त्यात त्यानं एक किलो इकडचा तिकडे केला नव्हता. फोनवर मात्र तो बिनदिक्कत खोटं बोलायचा, आणि तेही एकाच माणसाशी. स्वतःच्या वडिलांशी.

वडील डोंगरापलीकडच्या गावात एकटे राहत. तिथेही असाच एक विमानतळ होता: एक धावपट्टी, एक पत्र्याची इमारत आणि भोवती तारेचं कुंपण. इथून तिथलं सरळ अंतर दोनशे सोळा किलोमीटर. वेळापत्रकात प्रवासाचा वेळ एक तास पाच मिनिटं दिलेला असे. प्रत्यक्षात विमान हवेत चव्वेचाळीस मिनिटंच असायचं. बाकीची मिनिटं धावपट्टीच्या टोकापर्यंत रखडत जायला, उतरल्यावर परत रखडत यायला, आणि थोडी अशीच, उशीर झाला तर अब्रू जाऊ नये म्हणून. रस्त्यानं मात्र आख्ख्या डोंगररांगेला वळसा. पाचशे चाळीस किलोमीटर, बसनं तेरा तास.

हे वेळेचं गणित वडिलांना कधीच पटलं नव्हतं. ते बसचे कंडक्टर होते, चौतीस वर्षं. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी अंतर आणि वेळ हा विषय निघाला की त्यांचा आवाज चढायचा.

"चव्वेचाळीस मिनिटं लागतात तर चव्वेचाळीस लिहा की!" ते फोनवर म्हणाले होते. "एक तास पाच कशाला?"

"बाबा, जरा हात राखून लिहावं लागतं."

"म्हणजे खोटं लिहिता. आमची गाडी जन्मात कधी वेळेआधी पोचली नाही. तुमची रोज पोचते. मला तेव्हाच संशय आला होता."

"खोटं नाही हो, सोय असते ती."

"बरं, सीटा किती तुमच्या त्या विमानात?"

"एकोणीस."

"एकोणीस?" बाबांना हसू आवरेना. "अरे, एवढी माणसं तर आमच्या गाडीत दाराला लटकून यायची!"

मोजण्याचं तर त्यांना वेडच होतं. थांबा आला, गाडी सुटली, की ओठ हलवत, पेन्सिल हवेत नाचवत डोकी मोजत जायचं, हे चौतीस वर्षं केल्यावर दुसरं काय होणार. लग्नाला गेले तर मांडवातली माणसं मोजत. दवाखान्यात गेले तर रांग मोजत. घरात माणसं तीनच, तरी झोपण्याआधी दारातून आत बघून ओठ हलवायचे. आई म्हणायची, "मोजा, मोजा, एखादा विनातिकीट घुसला असेल." आई गेल्यावर एकदा त्यानं बाबांना विचारलं होतं, अजून मोजता का म्हणून. बाबा म्हणाले, "मोजायला आहे काय आता? एकच." आणि मग त्यांनी विषय बदलून हवापाणी विचारलं.

आई जाण्याचाच सगळा घोळ होता. ती आठ महिने आजारी होती आणि त्याला पत्ता नव्हता. तो फोन करायचा, आईला द्या म्हणायचा, आणि बाबा सांगायचे, "आई झोपलीय रे." कधी देवळात, कधी शेजारी, पण बहुतेक वेळा झोपलेली. त्याला वाटायचं, वय झालं, झोपत असेल. ती तेव्हा दवाखान्यात होती. बाबांचं म्हणणं, नोकरी सोडून तू येऊन काय केलं असतंस, उगाच जिवाला घोर. तो पोचला तेव्हा आईला बोलता येत नव्हतं. चव्वेचाळीस मिनिटांवर आई आठ महिने अंथरुणाला खिळून होती आणि तो इकडे परक्या लोकांच्या बॅगा तोलत होता. हे त्याच्या मनातून गेलं नाही. बाबांना तो एका शब्दानं बोलला नाही, पण मनात अढी बसली ती बसलीच.

तरी सुरुवातीला जायचा. दर महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी कर्मचाऱ्यांच्या मोफत पासवर बसायचा, बाबांची रक्तदाबाची औषधं घेऊन. या पासाची अट एकच, सीट रिकामी राहिली तरच जायचं. मग एका शुक्रवारी त्याला कंटाळा आला. दुसरं काही कारण नव्हतं. त्या घरात जाऊन बसायचं, भिंतीवरच्या आईच्या फोटोकडे दोघांनी बघायचं नाही, हवापाण्यावर बोलायचं, आणि जे विचारायचं ते न विचारता रविवारी परत यायचं, या सगळ्याचा कंटाळा. त्यानं औषधांचं पाकीट कॅप्टनबाईंच्या हातात दिलं आणि फोन लावला.

"बाबा, विमान भरलंय. सीट नाही मिळाली."

"बरं," बाबा म्हणाले.

इतकं सोपं असेल असं त्याला वाटलं नव्हतं. पुढच्या महिन्यातही विमान भरलं. त्याच्या पुढच्याही. कधी आत अकरा माणसं असायची, कधी सात. एकदा तर चारच होती आणि त्यानं त्यांना मागेपुढे बसवून वजनाचा तोल साधला होता. तरी फोनवर विमान खचाखच. चार-सहा महिन्यांनी जायची इच्छा व्हायची, पण आता इतके दिवस न गेल्याची लाज आडवी यायची. लाजेनं अजून एक महिना जायचा आणि लाज महिनाभरानं वाढायची. अशी पाच वर्षं गेली. बाबा दर खेपेला "बरं" म्हणत, आणि पाकीट घ्यायला मात्र न चुकता येत. घरापासून विमानतळ दहा मिनिटांवर. तारेच्या कुंपणाशी उभे राहायचे, विमान उतरलं की कॅप्टनबाई त्यांना पाकीट नेऊन द्यायच्या. "तुमचे वडील फार गोड आहेत," त्या परत आल्यावर सांगायच्या. "नेहमी वेळेआधी हजर." तो मान डोलवायचा आणि तक्त्यात डोकं घालायचा.

मग कंपनीची नोटीस आली. प्रवासी मिळत नसल्यामुळे या मार्गावरची सेवा महिनाअखेर बंद. शेवटचं विमान शुक्रवारी दुपारी दोन वाजता.

जोवर विमान होतं तोवर आज नाही तर पुढच्या महिन्यात, असं स्वतःला सांगता येत होतं. बाबा आता एक्याऐंशी वर्षांचे. गुडघे गेलेले, तेरा तास बसमध्ये त्यांना बसवणार कोण? आणि तो स्वतः, ज्याला चव्वेचाळीस मिनिटं जड झाली, तो तेरा तास कसला जातोय! स्वतःला तो चांगला ओळखून होता. हे विमान चुकलं तर आपण बाबांना बघायला नाही, पोचवायलाच जाऊ, हे त्याला स्वच्छ दिसलं, आणि तो घाबरला.

"या वेळी जायचंच," तो बायकोला म्हणाला. "समोर बसून सगळं सांगायचं. आईचं विचारायचं, आणि माझंही सांगायचं."

"सांगा," बायको म्हणाली. तिनं त्याची बॅग भरली, बाबांसाठी एक नवा लोकरी स्वेटर ठेवला. मग म्हणाली, "नाहीतर या वेळी पण विमान भरायचं." ती टोमणा मारत होती की नुसतं म्हणत होती, ते त्यानं विचारलं नाही.

बाबांना त्यानं गुरुवारी फोन केला. "बाबा, उद्या येतो. नक्की."

"जमलं तर बघ," बाबा म्हणाले.

शुक्रवारी सकाळी यादीत अठरा नावं होती. एरवी सात-आठ माणसं मिळायची मारामार, पण बंद होणार म्हटल्यावर लोकांना एकदम उमाळा आला होता. कोणी शेवटचं म्हणून, कोणी नातवंडांना विमान दाखवायचं म्हणून. तरी एक सीट उरत होती. पासवाल्यांत त्याचं एकट्याचंच नाव. त्यानं सगळ्यांच्या आधी स्वतःला काट्यावर उभं केलं. बॅगेसकट सत्त्याऐंशी किलो. काट्यावर चढताना आपणही पोट आत घेतलं, हे त्याच्या लक्षात आलं.

साडेबारा वाजले. अठराच्या अठरा तोलून झाले. एकला काउंटर बंद व्हायचा. एकला पाच कमी असताना गळ्यात दोन कॅमेरे अडकवलेला एक घामाघूम माणूस धावत आला.

"शेवटच्या फ्लाइटचं तिकीट आहे का? एक?"

काउंटरवरच्या मुलीनं स्क्रीन बघितली, मग काटेसाहेबांकडे बघितलं. तिला सगळं माहीत होतं. त्यानंच सकाळी मोठ्या उत्साहानं सांगितलं होतं. तिचे हात कीबोर्डवर तसेच थांबले.

"तिकडे काही काम आहे का तुमचं?" त्यानंच पुढे होऊन विचारलं.

"छे छे, काम कसलं! जो मार्ग बंद होतो ना, त्याच्या शेवटच्या विमानात मी बसतोच. एकतीस झाले आतापर्यंत. हे बत्तिसावं. काल पहाटे निघालोय घरून." माणूस आनंदानं फुलून गेला होता. "उतरून लगेच याच विमानानं परत."

"मला जायचं होतं," तो म्हणाला. त्याला स्वतःचाच आवाज केविलवाणा वाटला. "वडील आहेत तिकडे."

"अरेरे," कॅमेरेवाला म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं असावं. पण मग तो चाचरत म्हणाला, "पण माझं तिकीट पैसे भरून असणार ना? तुमचा पास असेल."

मुद्दा चोख होता.

स्टेशन मॅनेजर हे सगळं आपल्या खोलीच्या दारातून ऐकत होते. त्यांनी त्याला बाजूला घेतलं. आयुष्यात कधी त्याच्याशी चार शब्द गोड न बोललेला हा माणूस आज हळू आवाजात म्हणाला, "काटेसाहेब, ऊन बघा किती तापलंय. तिकडची धावपट्टी आखूड. उष्ण हवेत विमानाला वजन कमी घ्यावं लागतं, तुम्हीच आम्हाला शिकवलंय. तक्त्यात दाखवा अठरा प्रवासी जास्तीत जास्त. त्याला सांगतो, वजनामुळे सीट बंद आहे. तो गेला की तुम्ही कॅप्टनच्या मागे बसा. कोण तपासणार आहे आता? उद्यापासून हा तक्ताच नाही."

त्यानं तक्ता हातात घेतला. तापमान लिहिलेलं होतं, वाऱ्याचा वेग लिहिलेला होता. एकोणीस माणसं घेऊनही नव्वद किलोची सूट शिल्लक होती. एक आकडा बदलायचा, बस. पाच वर्षं दर महिन्याला तो हेच वाक्य बोलत आला होता, सीट नाही म्हणून. आज फक्त ते दुसऱ्याला सांगायचं होतं, आणि तेही चांगल्या कामासाठी.

पेन कागदावर टेकलं, पण हात चालेना. बाकी सगळ्या बाबतीत आपण कसले आहोत ते त्याला माहीत होतं. हा तक्ता तेवढा खरा होता. तोही आज गेला तर बाबांसमोर बसून खरं बोलणारा माणूस आणायचा कुठून?

"बसतात एकोणीस," तो म्हणाला. "द्या त्याला तिकीट."

"वेडे आहात," मॅनेजर म्हणाले, आणि आत निघून गेले.

कॅमेरेवाला काट्यावर चढला. कॅमेऱ्यांसकट ब्याऐंशी. त्यानं आकडा लिहिला, स्वतःचं नाव खोडलं, बेरीज परत केली आणि तक्ता घेऊन विमानाकडे गेला. कॅप्टनबाईंनी सही केली. बॅगेतून स्वेटर काढून त्यानं तो औषधांच्या पाकिटाबरोबर त्यांच्या हातात दिला.

"तुम्ही येणार होतात ना?" त्या म्हणाल्या.

"भरलं," तो म्हणाला.

दोन वाजून चार मिनिटांनी विमानानं जमीन सोडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी हार आणला होता, तो कुठे घालायचा ते न कळून खुर्चीवरच राहिला. तो आपल्या टेबलाशी आला आणि त्यानं फोन लावला.

"बाबा."

"बोल. निघालास?"

"नाही. बाबा, विमान भरलंय. सीट नाही मिळाली."

पलीकडे वाऱ्याचा आवाज येत होता. बाबा कुंपणाशी येऊन उभे राहिले होते, आताच, विमान यायला पाऊण तास असताना.

"बरं," बाबा म्हणाले.

त्याला ओरडून सांगावंसं वाटलं, की अहो, या वेळी खरंच भरलंय, हवं तर तक्ता दाखवतो, सही आहे त्यावर. पण या वेळी खरं म्हटलं की मग आधीचं काय, हा प्रश्न आलाच असता. बाबांनी फोन ठेवला.

मग ती चव्वेचाळीस मिनिटं. इतकी वर्षं तो हा आकडा लिहीत आला होता, पण तो किती मोठा असतो ते त्याला आज कळलं. काउंटरवरची मुलगी येऊन पाण्याचा ग्लास ठेवून गेली. मॅनेजर भिंतीवरचं वेळापत्रक काढत होते. दोन अठ्ठेचाळीसला विमान टेकलं असेल. दोन पन्नासला इमारतीपाशी आलं असेल. माणसं उतरायला लागली असतील.

दोन अठ्ठावन्नला त्याचा फोन वाजला. बाबा स्वतःहून फोन कधी करत नसत.

"अरे," बाबा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात चक्क आनंद होता. "एकोणीस!"

"काय?"

"एकोणीस उतरले. मी दोनदा मोजले. एक कॅमेरेवाला मागे राहिला होता, तोही धरला. आज खरंच भरलं होतं की रे!"

पाच वर्षं. दर महिन्याला बाबा त्या कुंपणाशी उभे राहून ओठ हलवत होते. अकरा. सात. चार. आणि घरी जाऊन, त्याचा फोन आला की हवापाणी विचारत होते. डोकी मोजण्यात हयात गेलेल्या माणसाला तो सीट नाही म्हणून सांगत होता, आणि हे कधी त्याच्या टाळक्यात आलं नव्हतं.

"बाबा," तो कसाबसा म्हणाला. "तुम्हाला..."

"असू दे रे," बाबा म्हणाले. "मीपण सांगायचोच ना तुला, आई झोपलीय म्हणून."

तो रडला. टेबलाशी बसून, सगळ्यांच्या देखत, तोंडावर हात दाबून रडला. काउंटरवरच्या मुलीनं मान वळवली. पलीकडून वारा तेवढा ऐकू येत होता.

"मी बसनं येतो," शेवटी तो म्हणाला. "चारची गाडी आहे. तेरा तास लागतात. पहाटे पाचला पोचतो."

"पंधरा धर. घाटात थांबते ती."

"पंधरा तर पंधरा. येतो."

"बरं," ते म्हणाले.

तेच बरं. एवढ्या वेळा ऐकलेलं. त्यात राग नव्हता, हे आता त्याला कळलं. आशाही नव्हती. आजचा एक दिवस खरा निघाला यावरच म्हातारा खूश होता; त्याच्या पुढचं काही तो धरून चालत नव्हता.

चारच्या बसमध्ये त्याला मागून दुसऱ्या रांगेत जागा मिळाली. बॅग मांडीवर घेऊन तो बसला. बाबांना फोन करावा, बसलो म्हणून सांगावं, असं त्याच्या मनात आलं. फोन हातात घेतला आणि पुन्हा खिशात ठेवला. त्याच्या सांगण्याला आता काही वजन राहिलं नव्हतं. बाबा बसच्या थांब्यावर येणार नव्हते, हेही त्याला माहीत होतं. तो दार वाजवेल तेव्हाच ते खरं मानतील.

गाडी सुटली. दाराशी उभा असलेला कंडक्टर पेन्सिल हवेत नाचवत, ओठ हलवत मागे येऊ लागला. पुढच्या रांगेतला उंच माणूस उठून खिडकीशी झटापट करत होता, त्याच्या आड हा झाकला गेला. कंडक्टर याला न मोजताच पुढे सरकला.

"अहो," तो पटकन उठून उभा राहिला आणि त्यानं हात वर केला. "मी राहिलो. मला मोजा."